लोखंडाला शिस्त लावणारे लक्ष्मणराव

शेतावरच्या डिझेल इंजिनाचे पाणी आटले की हेड तापून वाकते. मग सातारा-सांगलीकडच्या कार्यशाळांत मिलिंग यंत्रावर त्याला फेस मारला जातो. मात्र हेडची जाडी घटली की झडपा पिस्टनजवळ सरकतात. त्यासाठी गॅस्केट जाड निवडावी लागते. ती वाजवीपेक्षा जाड झाली तर दाब घटतो आणि इंजिन सुरू होताना कुरकुरते. मिलिमीटरच्या दशांशांचा हा हिशेब या भागाच्या अंगवळणी पाडणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्कर अग्रणी होते.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंगांधळेपणामुळे ते स्वप्न भंगले. पण यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नव्हते. त्यात प्रावीण्य मिळवून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तेथे बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून त्यांनी बेळगावात बंधू रामूअण्णांसह सायकलींचा व्यवसाय केला. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे सुरुवातीला नांगरांना गिऱ्हाईकच मिळेना. त्यातच बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली.

अशा वेळी औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. संस्थानच्याच हद्दीतील कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ, जो आज सांगली जिल्ह्यात येतो, त्यांनी कारखान्याला दिला. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. गुन्हेगार ठरलेल्यांवरही विश्वास टाकून लक्ष्मणरावांनी त्यांना राखणीचे काम दिले. नांगराचा झिजलेला फाळ बदलायचा, तर नवा फाळ त्याच मापाचा हवा; खेड्यातून आलेल्या हातांना ही शिस्त ओतशाळेतच लागली. नांगरांपाठोपाठ येथे पंपही तयार होऊ लागले.

१९४६ मध्ये पुत्र शंतनुरावांनी पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना केली आणि घराण्याचे नाव डिझेल इंजिनांशी कायमचे जोडले गेले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. आजही एखादा कारागीर हेडवर सरळपट्टी ठेवून फट तपासतो आणि मगच गॅस्केट निवडतो. अंदाजावर न विसंबता मापावर विश्वास ठेवण्याची ही सवय म्हणजेच लक्ष्मणरावांचे खरे स्मारक होय.