ग्वान यू : दोन निष्ठांच्या कात्रीत सापडलेला सेनापती

चिनी ऐतिहासिक युद्धपटांचा नायक बहुधा दोन निष्ठांच्या कात्रीत सापडलेला असतो. एकीकडे ज्याला शब्द दिला तो स्वामी, तर दुसरीकडे ज्याचे मीठ खाल्ले तो उपकारकर्ता. या नायकांचा मूळपुरुष म्हणावा असा योद्धा अठराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव ग्वान यू. जॉन वू यांचा 'रेड क्लिफ' (२००८-०९) असो, अँडी लाऊ यांची प्रमुख भूमिका असलेला 'थ्री किंगडम्स' (२००८) असो, की डॉनी येन यांनी ग्वान यू साकारलेला 'द लॉस्ट ब्लेड्समन' (२०११) असो. लालबुंद चेहऱ्याचा आणि लांब दाढीचा हा सेनापती चिनी पडद्यावर पुन्हा पुन्हा अवतरत राहिला आहे.

ग्वान यूचा जन्म आजच्या शान्शी प्रांतातील युनचंग परिसरातला. त्याचे जन्मवर्ष इतिहासाला ज्ञात नाही. गावातून परागंदा होऊन तो उत्तरेकडील झ्वो येथे आला. हान साम्राज्य तेव्हा मोडकळीस आले होते आणि इ.स. १८४ मध्ये 'पिवळ्या फेट्यांचे बंड' म्हणून ओळखला जाणारा मोठा उठाव झाला. ल्यू बेई नावाच्या होतकरू सरदाराने याच काळात माणसे जमवली. ग्वान यू आणि झांग फेई हे त्याचे पहिले साथीदार. पीचच्या बागेत तिघांनी घेतलेली बंधुत्वाची शपथ ही पुढे कादंबरीने रचलेली कथा आहे. मात्र, तिघे एकाच शय्येवर निजत आणि त्यांच्यात सख्ख्या भावांसारखा जिव्हाळा होता, अशी नोंद तिसऱ्या शतकातील इतिहासकार चेन शौ यानेच करून ठेवली आहे.

खरी कसोटी लागली ती इ.स. २०० मध्ये. हान सम्राटाला आपल्या ताब्यात ठेवून राज्य हाकणाऱ्या त्साव त्सावने ल्यू बेईवर चाल केली. ल्यू बेई पराभूत होऊन उत्तरेच्या य्वान शावकडे पळाला. त्याच्या बायका आणि ग्वान यू शत्रूच्या हाती लागले. त्साव त्सावने मात्र या कैद्याला सेनापतिपद दिले आणि त्याची उत्तम बडदास्त ठेवली. तरीही ग्वान यूचे मन आपल्याकडे रमत नाही, हे त्या चाणाक्ष मुत्सद्द्याच्या ध्यानात आले. त्याने झांग ल्याव या आपल्या सरदाराला ग्वान यूचे मन जाणून घेण्यासाठी पाठवले. ग्वान यूने आडपडदा ठेवला नाही. ल्यू बेईला दिलेला शब्द मोडणार नाही, पण येथल्या उपकारांची परतफेड केल्याशिवाय जाणारही नाही, असे त्याने स्पष्ट केले. आता पेच झांग ल्यावपुढे पडला. खरे सांगावे तर मित्राच्या जिवावर बेतणार, लपवावे तर स्वामीशी प्रतारणा होणार. अखेर त्याने खरे ते सांगितले. त्साव त्साव संतापला नाही, उलट त्याचा ग्वान यूविषयीचा आदर वाढला.

परतफेडीची संधी बायमाच्या रणांगणावर आली. य्वान शावचा सेनापती यान ल्यांग याच्या फौजेत ग्वान यूने घोडा घातला आणि हजारो सैनिकांच्या गराड्यात त्याला ठार करून त्याचे शिर कापून आणले. या पराक्रमाला एक दाहक बाजू होती. ज्या य्वान शावच्या आश्रयाला ल्यू बेई होता, त्याच्याच सेनापतीला ग्वान यूने मारले होते. एका उपकारकर्त्याचे ऋण फेडताना खुद्द स्वामीचे प्राण धोक्यात येऊ शकत होते. त्साव त्सावने त्याला जहागीर दिली, बक्षिसांची खैरात केली. ग्वान यूने मिळालेले सारे मोहोरबंद केले, निरोपाचे पत्र मागे ठेवले आणि तो ल्यू बेईकडे निघून गेला. पाठलाग करू पाहणाऱ्या सरदारांना त्साव त्सावनेच रोखले. पाच खिंडी पार करताना सहा सरदारांना मारल्याची कथा लुओ ग्वानझोंग याच्या नावावर असलेल्या 'तीन राज्यांची रम्यकथा' या कादंबरीतली. 'द लॉस्ट ब्लेड्समन'चा डोलारा उभा आहे तो याच प्रसंगावर.

पुढे इ.स. २०८ मधील लाल कड्याच्या लढाईत त्साव त्सावचा पराभव झाला. ल्यू बेई पश्चिमेला राज्य स्थापण्यासाठी गेला, तेव्हा जिंग प्रांताची राखण ग्वान यूकडे आली. इ.स. २१९ मध्ये त्याने फानचंगला वेढा घातला. हान नदीला आलेल्या महापुरात शत्रूची मोठी कुमक बुडाली. राजधानी हलवण्याचा विचार त्साव त्सावच्या मनात यावा, इतका त्याचा दरारा वाढला.

पण याच शिखरावर त्याचा अहंकार त्याला नडला. दक्षिणेच्या सुन च्वानने आपल्या मुलासाठी ग्वान यूच्या मुलीला मागणी घातली असता त्याने दूताचा अपमान केला होता. रसद पुरवण्यात कसूर करणाऱ्या स्वतःच्या अधिकाऱ्यांना त्याने शिक्षेची धमकी दिली होती. सुन च्वानचा सेनापती ल्वी मंग व्यापाऱ्यांच्या वेशातील सैनिकांसह नदीमार्गे आला, तेव्हा त्याच धास्तावलेल्या अधिकाऱ्यांनी नगरांचे दरवाजे उघडले. ल्वी मंगने ग्वान यूच्या सैनिकांच्या कुटुंबीयांना सन्मानाने वागवले. घरची माणसे सुखरूप असल्याचे कळताच सैनिकांची लढण्याची उमेद संपली आणि फौज पांगली. अखेर पुत्र ग्वान पिंगसह ग्वान यू पकडला गेला आणि दोघांचा शिरच्छेद झाला. त्याचे शिर त्साव त्सावकडे पाठवण्यात आले आणि त्याने ते सरदाराला साजेशा इतमामाने पुरले. भावाचा सूड घेण्यासाठी ल्यू बेईने सुन च्वानवर स्वारी केली. इ.स. २२२ मध्ये तीत त्याचा दारुण पराभव झाला आणि पुढच्याच वर्षी तो निवर्तला.

मृत्यूनंतर ग्वान यूचा देव झाला. मिंग सम्राट वानली याने १६१४ साली त्याला सम्राटपदाची दैवी पदवी बहाल केली. हाँगकाँगमध्ये पोलीसही त्याला पूजतात आणि गुन्हेगारी टोळ्याही. शब्दाला जागणे हे मूल्य दोघांनाही हवेच असते. मुंबईत माझगावच्या छोट्याशा चिनी मंदिरातही त्याची पूजा होते.

चेन शौने मात्र त्याच्या शौर्याबरोबर त्याच्या अहंमन्यतेवरही बोट ठेवले आहे. एका माणसाला वाहिलेली निष्ठा कितीही उज्ज्वल असली, तरी तिची किंमत पुष्कळदा इतरांना मोजावी लागते. ग्वान यूच्या निष्ठेपायी यान ल्यांगचा जीव गेला आणि ग्वान यूवरील प्रेमापोटी ल्यू बेईने एक राज्य पणाला लावले. निष्ठा हा गुण खरा, पण तिला विवेकाची जोड नसेल तर तीच विनाशाला कारण होते, हेच या सेनापतीचे आयुष्य सांगते.