कै. विष्णुपंत दामले आणि बोलपटातील जिवंत गाणे

प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट पाहिला नाही असा वारकरी जुन्या पिढीत विरळाच. आम्ही तो लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिला. पडद्याच्या मागल्या बाजूस बसून पाहिला, म्हणजे सारे उलटे दिसत होते. पण ऐकू मात्र सुलटे येत होते! तेव्हापासून विष्णुपंत पागनीसांचे नाव आमच्या कानी आहे. तेच नाव असलेले दुसरे विष्णुपंत मात्र फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. ते म्हणजे या बोलपटाच्या दोघा दिग्दर्शकांपैकी एक, विष्णुपंत गोविंद दामले. पागनीस गायिले हे खरे, पण गाणारा जिवंत माणूस यंत्राने कसा टिपावा हे ज्यांनी कोल्हापुरात आपल्या हातांनी शिकून घेतले, ते हे दामले. त्यांचे चरित्र कीर्तनकाराने का सांगावे, अशी शंका कुणाला येईल. ज्याचा सारा जन्म कंठ आणि कान यांवर चालला त्याने सांगू नये तर कुणी सांगावे?

दामल्यांचा जन्म १८९२ सालचा, कुलाबा जिल्ह्यातील पेणचा. तरुणपणी ते कोल्हापुरास आले आणि आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंच्या हाताखाली लागले. हे बंधू नाटकांचे पडदे रंगवीत. रंग, सुतारकाम, यंत्रकाम, सगळ्यांत त्यांची बोटे चालत. आनंदराव १९१६ साली वारले. चलच्चित्रांचा कॅमेरा घरच्या घरी तयार करण्याचे त्यांचे स्वप्न बाबूरावांनी पुढे पुरे केले आणि त्या खटपटीत दामले त्यांचे साहाय्यक होते. विलायतेहून आणलेले यंत्र वापरणारे पुष्कळ. ते उघडून, समजून, तसे दुसरे करू पाहणारे थोडे. तो संस्कार दामल्यांवर तिथेच झाला. तिथेच त्यांना शेख फत्तेलाल भेटले. पुढे एकास लोक दामलेमामा म्हणू लागले, दुसऱ्यास साहेबमामा. ही जोडी शेवटपर्यंत फुटली नाही. तुकोबारायांचे देहू पुण्याच्या स्टुडिओत ज्यांनी उभे केले ते कलादिग्दर्शक हे फत्तेलाल. आपल्या परंपरेत शेख महंमद होऊन गेले, तेव्हा वारकऱ्यास यात नवल वाटू नये.

१९२८ साली या दोघांनी मिळून ‘महारथी कर्ण’ हा मूकपट दिग्दर्शित केला. पुढल्याच वर्षी, १९२९ च्या जूनमध्ये, दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सराफीचा व्यवसाय असलेले सीतारामपंत कुलकर्णी या पाच जणांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. पैसा बेताचा होता, पण मालक स्वतःच कारागीर असल्यामुळे काम अडत नसे. दोन-अडीच वर्षे मूकपट निघाले, आणि तेवढ्यात १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईस ‘आलम आरा’ लागला. चित्र बोलू लागले, गाऊही लागले. आता प्रभातलाही बोलते होणे भाग होते आणि ध्वनीचे काम दामल्यांकडे आले. हे शिकविणारी शाळा तेव्हा या देशात कुठेच नव्हती. रंगाचा कुंचला धरणारा माणूस वयाच्या चाळिशीस आला असता कानावर यंत्र लावून बसला.

आता हे काम कसे होते ते नीट समजून घेतले पाहिजे. आजच्या माणसाला वाटते, गाणे एकीकडे टिपतात, चित्र दुसरीकडे घेतात, मग दोन्ही जोडतात. त्या वेळी तसे नव्हते. नटाने कॅमेऱ्यासमोर उभे राहून अभिनयही करायचा आणि त्याच क्षणी गायचेही. वाद्ये वाजवणारी मंडळी चित्रात दिसता कामा नयेत, म्हणून ती खांबामागे, झाडामागे, पडद्याच्या आडोशाला बसवीत. गाणारा चालत असेल तर पेटीवाला आणि तबलजी यांनीही चौकटीबाहेरून त्याच्याबरोबर सरकायचे. मायक्रोफोन बहुधा एकच, तो गाणाऱ्याच्या डोक्यावर टांगलेला किंवा समोरच्या वस्तूत दडवलेला. म्हणजे तबला मोठा येतो म्हटले तर तबला मागे सरकवायचा, पेटी ऐकू येत नाही म्हटले तर ती पुढे आणायची. दुसरा इलाज नाही. कीर्तनात टाळकरी किती मागे उभे राहावेत, मृदंग किती अंतरावर असावा, याचा हिशेब आम्हांस ठाऊक आहे. पण आमचे चुकले तर पुढच्या चरणात सावरून घेता येते. तिथे सावरणे नाही. कॅमेऱ्याची घरघर आवाजात येऊ नये म्हणून त्याला पेटाऱ्यात घालायचे किंवा रजयांत गुंडाळायचे. दिव्यांची धग, वर पंखा बंद. कावळा ओरडला, गाडी गेली, कुणी खोकले, की झालेले सारे वाया!

आणि याहून कठीण गोष्ट अशी की काय टिपले गेले ते लगेच ऐकता येत नसे. गाणाऱ्याचा आवाज मायक्रोफोनातून विजेच्या रूपाने यंत्रात जाई, तिथे त्याचा कमीजास्त प्रकाश होई, आणि तो प्रकाश फिल्मच्या कडेला बारीक रेघांच्या रूपाने उमटे. आवाजाची अक्षरशः छाया! ती फिल्म धुऊन वाळवून यंत्रावर चढवीपर्यंत गाणे चांगले आले की बिघडले हे कोणासच कळत नसे. कळे ते एकट्याला, कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसाला, आणि तेही चालू असतानाच. त्याने ठीक म्हटले तर ठीक. त्याने चुकीचा कौल दिला तर फिल्म फुकट, दिवस फुकट आणि गाणाऱ्याचा गळाही फुकट. फिल्म विलायतेहून येई, तिचा एकेक फूट पैशाने मोजलेला. बेताच्या पुंजीच्या कंपनीत त्या एका माणसाच्या कानावर केवढा भार असेल, वाचकांनीच कल्पना करावी. दामले मितभाषी होते, हिशेबी होते, असे त्यांच्याविषयी सगळेच सांगतात. आम्हांस वाटते, या कामाला तसाच माणूस हवा होता. बडबड्या माणसाला ऐकू येत नाही.

प्रभातचा पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ च्या फेब्रुवारीत मुंबईस लागला. हरिश्चंद्राचे काम गोविंदराव टेंबे यांनी केले. संगीतही त्यांचेच. तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. टेंबे मोठे पेटीवादक आणि नाट्यसंगीतातले अधिकारी पुरुष, त्यांची गोष्ट वेगळी. दुर्गाबाई काही रंगभूमीवर गाऊन तयार झालेल्या नव्हत्या, तरी आपली पदे त्यांनी स्वतःच म्हटली. त्यातून हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला, म्हणजे तोच प्रसंग दोनदा करायचा, गाणेही दोनदा म्हणायचे. स्मशानातला शोक एकदा मराठीत रडून झाला की डोळे पुसून पुन्हा हिंदीत रडायचा. यात हसण्यासारखे आहे खरे, पण त्या मंडळींनी ते निभावले.

१९३३ साली कंपनी पुण्यास आली. मोठा बंदिस्त स्टुडिओ उभा राहिला. तिथे १९३५ साली नाथमहाराजांच्या चरित्रावर ‘धर्मात्मा’ निघाला. दिग्दर्शन शांतारामांचे आणि एकनाथ साक्षात बालगंधर्व. ज्यांचे एक पद ऐकायला लोक रात्र जागवीत, असा तो गळा. पण तो गळा श्रोत्यांच्या समोर फुलणारा होता. समोरून वाहवा यायची, पुन्हा म्हणा अशी मागणी यायची, मग तेच पद नव्या अंगाने उलगडायचे. इथे समोर कोण, तर काचेचा डोळा. वेळ मोजलेली, जागा आखून दिलेली, आणि सगळीकडे चिडीचूप. बालगंधर्वांचे मन तिथे रमले नाही. प्रभातशी त्यांचा संबंध त्या एका चित्राबरोबरच संपला. यात त्यांना उणे नाही, यंत्रालाही नाही. रिकाम्या मंडपात उभे राहून कीर्तन करायला सांगितले तर आमचीही तीच गत होईल.

याच सुमारास कलकत्त्यास न्यू थिएटर्सने नवी युक्ती काढली. १९३५ च्या ‘धूपछाँव’ या चित्रात गाणे आधी टिपून ठेवले, मग ते वाजवून त्यावर नटांनी ओठ हलवले. ही सोय हळूहळू सगळीकडे गेली, प्रभातनेही ती स्वीकारली. सोय मोठीच होती. वाद्ये वाढवता आली, कॅमेरा हवा तसा फिरू लागला, आणि ज्याला गळा नाही त्यालाही गाणे म्हणता येऊ लागले. पुढे लताबाईंसारखे स्वर घरोघर गेले ते याच वाटेने, तेव्हा तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण मुख एकाचे आणि कंठ दुसऱ्याचा, हा प्रश्न मात्र तेव्हापासून उभा राहिला.

आणि नेमके याच वळणावर दामले-फत्तेलाल यांनी तुकोबांचे चरित्र हाती घेतले. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे. तुकोबा कोण? पागनीसांचे नाव निघाले तेव्हा दिग्दर्शकांच्या मनात किंतु होता, असे सांगतात. पागनीस नाटकात स्त्रीभूमिका करून आलेले. चालण्याबोलण्यात ते मार्दव उतरलेले. पण हा माणूस भजन म्हणणारा होता. रंगभूमी सुटल्यावर त्यांनी गाणे शिकवण्यात आणि भजनात दिवस काढले होते. ज्या मार्दवाची भीती वाटली तेच पडद्यावर संतांचे सौम्यपण होऊन बसले. बोलपटातली आपली सर्व पदे पागनीसांनी स्वतःच्या कंठाने म्हटली. त्यात तानांची आतषबाजी नाही, टाळ्या मागणे नाही. शब्द अगोदर ऐकू येतो, सूर त्याच्या मागून येतो. अभंग म्हणण्याची आपली रीत हीच.

या बोलपटाचा आरंभ आठवून पाहा. तुकोबा देवापुढे अभंग म्हणतात, आणि लगोलग सालोमालो तोच अभंग आपला म्हणून मंदिरात नटव्या ढंगाने आळवतो. शब्द तेच आहेत, पण ऐकणाऱ्याला क्षणात कळते की हा माल चोरीचा आहे. पंडितांनी दहा पानांत सांगावी ती गोष्ट दोन कंठांतल्या फरकाने सांगितली. सालोमालो काही चित्रपटवाल्यांनी कल्पिलेला नव्हे. अभंगात आपली नाममुद्रा घालणाऱ्या या गृहस्थाचा समाचार महाराजांनी गाथेत घेतलेलाच आहे. पण ती चोरी कानाला कळावी अशी योजना करणारा दिग्दर्शक चार-पाच वर्षे कानाला यंत्र लावून बसलेला होता, हे विसरू नये.

आता वारकऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या बोलपटातले बीज, अंकुर आणि वृक्ष यांचे ते लोकप्रिय पद तुकोबांचे नव्हे. ते शांताराम आठवले यांनी रचले. पुष्कळांनी गाथा चाळली, सापडले नाही, तरीही कित्येक भजनी मंडळे ते महाराजांचे म्हणून म्हणतात. गाथेला नमस्कार करणाऱ्याने एवढा विवेक ठेवावा, आणि आठवल्यांचे श्रेय आठवल्यांस द्यावे.

१९३६ च्या डिसेंबरात हा बोलपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात लागला आणि एक वर्षाहून अधिक काळ तिथून हलला नाही. १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. खेड्यापाड्यांत लोक तंबूबाहेर वहाणा काढून आत जात. पागनीसांना तर लोक वाटेत गाठून पाया पडत. पुढे दामले-फत्तेलालांनी १९३८ साली ‘गोपाळ कृष्ण’ आणि १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’ केला. १९४१ च्या ‘संत सखू’त त्यांच्याबरोबर राजा नेने होते. दामल्यांचे ते शेवटचे चित्र. १९४२ साली शांताराम कंपनी सोडून गेले. पागनीस १९४३ साली वारले, आणि दोन वर्षांनी, १९४५ च्या जुलैत, दामलेही गेले. टिपलेला आवाज तिथल्या तिथे परत ऐकवणारी टेप आपल्याकडच्या स्टुडिओंत आली ती त्यांच्या मागून. त्यांचा सगळा कारभार त्या रेघांच्या छायेवर आणि स्वतःच्या कानावर झाला.

प्रभात कंपनी पुढे बंद पडली. १९६० साली तिच्या जागेत सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली. प्रभातचा तो मोठा स्टुडिओ तिथे अजून उभा आहे आणि ध्वनिमुद्रणाची विद्या तिथे रीतसर शिकवली जाते.