अर्थशास्त्रज्ञ कै. धनंजयराव गाडगीळ

आपल्या ज्ञातीतील एका दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र स्मरणिकेत द्यावे, या प्रघातास अनुसरून यंदा आम्ही कै. प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांची निवड केली आहे. ते जन्माने या जिल्ह्यातील नव्हेत. तथापि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रयोग अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याच्या भूमीवर सिद्धीस गेला. त्या नात्याने त्यांचे स्मरण करण्याचा अधिकार आपणांस निश्चितच पोचतो.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. बालपण व शालेय शिक्षण नागपुरास झाल्यावर ते उच्च शिक्षणार्थ केंब्रिज येथे गेले. तेथे त्यांनी सिद्ध केलेला हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. विलायती यंत्राच्या मालाने आपले कारागीर बुडाले, असा समज त्या काळी सुशिक्षितांत रूढ होता. धनंजयरावांनी तो नाकारला नाही, पण तेवढ्यावर समाधानही मानले नाही. देशी राजदरबार लयास गेल्यामुळे कारागिरांचे गिऱ्हाईक नाहीसे झाले, परकी सत्तेच्या प्रभावाने लोकांची अभिरुची व व्यवसायसंघांची शिस्त बदलली, आणि या दोहोंच्या जोडीला यंत्राची स्पर्धा आली, अशी कारणांची फोड त्यांनी करून दाखविली. सर्वमान्य मत पुन्हा तपासून पाहावयाचे, त्यातील खरे ते ठेवावयाचे व अपुरे ते पुरे करावयाचे, ही त्यांची रीत येथूनच दिसू लागते.

काही वर्षे सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळल्यावर १९३० साली ते पुण्यास आले. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने स्थापन केलेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालकपद त्यांनी स्वीकारले आणि पुढे सुमारे छत्तीस वर्षे ती धुरा वाहिली. त्या वेळी अर्थशास्त्र म्हणजे इंग्रजी ग्रंथांतील सिद्धांतांचे अध्यापन, अशीच समजूत होती. धनंजयरावांनी आपल्या सहकाऱ्यांना ग्रंथालयातून उठवून वाई तालुक्यातील शेतांवर आणि पुणे शहरातील घराघरांत पाठविले. शेतकऱ्यास पेरणीपासून मळणीपर्यंत खर्च काय येतो, शहरातील कुटुंब किती मिळविते व कशावर खर्च करिते, याची मोजदाद त्यांनी करविली. पुण्याच्या पाहणीचे दोन भाग १९४५ व १९५२ साली प्रसिद्ध झाले. समाजाविषयी मत देण्यापूर्वी समाज मोजून पाहावा, हा धडा त्यांनी घालून दिला.

आता आपण आपल्या जिल्ह्याकडे वळू. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस डोलू लागला. परंतु त्या उसाचे भाग्य शेतकऱ्याच्या हाती नव्हते. खाजगी साखर कंपन्यांनी मोठमोठी क्षेत्रे दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतली होती. स्वतः ऊस लावणारा बागाईतदार गुऱ्हाळ चालवून गूळ करी आणि भाव कोसळला की कर्जात बुडे. कारखाना चालविणे हे भांडवलवाल्यांचे काम, शेतकऱ्याने ऊस विकावा अगर जमीन खंडाने द्यावी, हे मत इतके रूढ होते की त्याविषयी कोणी शंकाही घेत नसे. सहकाराची धाव लहानसहान कर्ज देण्यापलीकडे जाऊ शकत नाही, असेही जाणते लोक म्हणत.

डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे दख्खनच्या कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्षस्थान धनंजयरावांनी भूषविले आणि बागाईतदारांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचाच कारखाना काढावा, या विचाराला तेथे बळ मिळाले. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी तो विचार शिरोधार्य मानून गावोगाव भागभांडवल गोळा केले. वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्या सहकारधुरीणांचे पाठबळ लाभले. १९५०च्या अखेरीस लोणी येथे प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. भाग किती का असेनात, प्रत्येक सभासदास मत एकच, आणि कारखान्यास जे मिळेल त्यावरून उसाचा भाव ठरावयाचा, हे त्याचे मर्म होते. महाराष्ट्रातील या पहिल्या यशस्वी सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद धनंजयरावांनी सुमारे दहा वर्षे सांभाळले.

येथे क्षणभर थांबून आपण काळाकडे पाहिले पाहिजे. १९४८च्या प्रक्षोभात पश्चिम महाराष्ट्रातील आपल्यापैकी अनेकांची घरे जळाली होती. पुढे कूळकायद्याने जमिनीही गेल्या आणि पुष्कळ कुटुंबांनी गाव कायमचे सोडले. आपल्या घरांतून त्या आठवणी आजही बोलल्या जातात, आणि त्यांतील दुःख खोटे नाही. पण त्याच वर्षांत पुण्याचा हा प्राध्यापक लोणीच्या शेतकऱ्यांच्या शेजारी बसून यंत्रसामग्री, कर्ज व ऊसपुरवठा यांचा हिशेब मांडीत होता, आणि त्या शेतकऱ्यांनी त्यालाच आपला अध्यक्ष केले होते. गावाशी आपले नाते संपले, हेही एक रूढ मतच होय. धनंजयरावांनी ते वादाने नव्हे, तर कृतीने खोडून काढले.

सहकाराचे एवढे पुरस्कर्ते असूनही ते सहकाराचे भाट नव्हते. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या मार्गदर्शक समितीचे ते एक सदस्य होते. त्या पाहणीत ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांची माहिती गोळा झाली. शेतकऱ्याने उसने घेतलेल्या शंभर रुपयांपैकी सहकारी संस्थांकडून आलेले जेमतेम तीन रुपये, असे १९५४च्या अहवालाने जगजाहीर केले. अर्धशतकाच्या चळवळीचे हे फलित तिच्या कैवाऱ्यांस झोंबणारे होते. धनंजयरावांनी ते झाकले नाही. सहकार टाकून द्यावा, असेही म्हटले नाही. शासनाने त्यात भागीदार व्हावे आणि कर्जाची सांगड मालाच्या विक्रीशी घालावी, हा समितीचा निष्कर्ष होता.

१९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना मिळणारे केंद्राचे साहाय्य तोवर निश्चित सूत्रावाचून वाटले जाई. त्याचा साठ टक्के भाग लोकसंख्येनुसार आणि उरलेला मागासलेपण, करवसुलीचा प्रयत्न, चालू मोठे प्रकल्प व राज्यांच्या विशेष अडचणी यांनुसार वाटावा, असे त्यांचे सूत्र चौथ्या योजनेत लागू झाले. ते आजही गाडगीळ सूत्र या नावाने अभ्यासिले जाते. ते पद सोडून दिल्लीहून पुण्याकडे परतत असता ३ मे १९७१ रोजी प्रवासातच त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर अर्धशतक लोटले. प्रवरेच्या पावलावर पाऊल टाकून राज्यभर कारखाने उभे राहिले. त्यांतील काही भरभराटले, काही कर्जात रुतून बंद पडले, तर काही खाजगी मालकीत गेले. म्हणून सहकार हेही आता पुन्हा तपासून पाहावयाचे मत झाले आहे, आणि तसे करणे हा धनंजयरावांचा अनादर नव्हे.

ज्ञातीतील थोरांची नावे मिरविणे सोपे असते. त्यांची रीत घरी आणणे कठीण. आपल्या मुलांनी कोणतेही शास्त्र शिकावे, पण वडीलधाऱ्यांनी सांगितले अगर पुस्तकात छापले म्हणून न स्वीकारता ते स्वतः जाऊन पाहावे. आपण कोण आणि इतर कोण, याविषयी घराघरांत चालत आलेल्या समजुतीही या तपासणीतून सुटू नयेत. एवढे घडले तर या पुण्यपुरुषाचे स्मरण सार्थकी लागले, असे आम्ही समजू.