चिमणीचं नाव विचारणारा मुलगा : डॉ. सलीम अली

आपल्या केजमध्ये आता दुकानांच्या, दवाखान्यांच्या नव्या इमारतींना समोरून मोठमोठ्या काचा लागल्यात. आमच्या शाळेच्या जिन्यालाही तशीच काच आहे. एका सकाळी तिच्याखाली एक लहानसा पक्षी मरून पडला होता. सहावीतल्या एका मुलाने तो तळहातावर आणला आणि नाव विचारलं. मला सांगता आलं नाही. मग त्या तासाला धडा बाजूला ठेवून डॉ. सलीम अलींची गोष्ट सांगितली, कारण त्यांचीही सुरुवात एका मेलेल्या पक्ष्यापासूनच झाली.

सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. लहानपणीच आई-वडिलांचा इंतकाल झाला. या यतीम मुलाला मामू अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळलं. मामू शिकारी, त्यामुळे भाच्याच्या हातातही छर्‍याची बंदूक आली. दहा-बारा वर्षांच्या सलीमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामूंनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. त्यांनी नाव तर सांगितलंच, पण कपाटं उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षीही दाखवले. मुलगा तिथलाच झाला.

पुढचा रस्ता काही सोपा नव्हता. कॉलेज सुटलं, ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात गेले, तो चालला नाही. पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यात नोकरी मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या म्युझियममध्ये काम मिळालं. पुढे बर्लिनला शिकून १९३० मध्ये परतले, तर ती जागाच बंद झालेली! मग बायको तहमिना यांच्यासोबत अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. आपण सुगरण म्हणतो खरं, पण घरटं विणतो तो नर. अर्धं घरटं मादीला पसंत पडलं की संसार, आणि मग हा पठ्ठ्या दुसरं विणायला घेतो. हे त्यांनी तासन्‌तास बसून टिपलं.

त्यानंतरचं काम आपल्या जवळचं आहे. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. पगार नको, फक्त खर्च द्या, या अटीवर. तहमिना बरोबर असायच्या. १९३९ मध्ये त्या गेल्या आणि ते एकटे पडले, पण काम थांबलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. नंतर डिलन रिप्ले यांच्यासोबत दहा खंड. १९७६ मध्ये पद्मविभूषण.

साठच्या दशकात ते ई. पी. जी यांच्याबरोबर आसामातल्या जटिंगा गावी गेले. तिथे धुक्याच्या अंधाऱ्या रात्री पक्षी दिव्यांकडे झेपावतात आणि मारले जातात. लोक त्याला भुताखेताचा प्रकार समजत. खरं तर धुक्यात वाट चुकलेले ते पक्षी. काचेचंही तसंच. काचेत आभाळ आणि झाड दिसतं, पक्षी सरळ त्यात घुसतो.

माळढोकला राष्ट्रीय पक्षी करा, असा त्यांचा आग्रह होता. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. माळढोक अंगाने जड, समोरचं त्याला नीट दिसत नाही, विजेच्या तारा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे, पण तो दिसणं आता नशिबाची गोष्ट.

२० जून १९८७ ला सलीम अली गेले.

आम्ही जिन्याच्या काचेवर बाहेरून पांढर्‍या रंगाचे ठिपके दिलेत, दोन ठिपक्यांत ५ सेंटीमीटरच अंतर. आतून दिले तर बाहेरचं प्रतिबिंब तसंच राहतं. धनेगावच्या मांजरा धरणावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, तिकडे मुलांना न्यायचंय. आणि त्या पक्ष्याचं नाव? मुलाने पुस्तकातून शोधलं, शिंपी निघाला. वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय.