दुकानदार क्लॅरन्स सॉन्डर्स

गिऱ्हाइकाने मागावे आणि दुकानदाराने काढून द्यावे, ही दुकानाची रीत फार जुनी आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही हीच रीत होती. साखर पिंपात, पीठ पोत्यात, चहा मागच्या फळीवरच्या डब्यात आणि या सर्वांच्या पुढे एक लांबच लांब लाकडी फळी. फळीच्या अलीकडे गिऱ्हाइकांची गर्दी, पलीकडे धावपळ करणारे नोकर. पुष्कळ गिऱ्हाइके उधारीवर माल नेत. काहींची उधारी वसूल होई, काहींची खातेवहीतच राही. ही फळी ज्याने दूर केली, त्या क्लॅरन्स सॉन्डर्सची ही हकीकत आहे.

क्लॅरन्सचा जन्म ९ ऑगस्ट १८८१ रोजी व्हर्जिनिया राज्यात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. पुढे हे कुटुंब टेनेसी राज्यातील पामायरा या लहानशा गावी राहावयास गेले. चौदाव्या वर्षी क्लॅरन्सने शाळा सोडली आणि तो गावच्या दुकानात नोकरीस राहिला. मध्यंतरी त्याने लाकडाच्या वखारीतही काम केले; परंतु त्याचे मन रमले ते दुकानदारीतच. विशीच्या सुमारास तो एका घाऊक व्यापाऱ्याचा फिरता विक्रेता झाला आणि पुढे मेम्फिस या मोठ्या शहरात आला.

फिरत्या विक्रेत्याला गावोगावची दुकाने आतून पाहावयास मिळतात. एखादे दुकान भरभराटीस का येते आणि शेजारचे का बुडते, हे सॉन्डर्स बारकाईने पाहू लागला. माल वाईट असतो म्हणून दुकान बुडते असे नव्हे, हे त्याच्या ध्यानी आले. नोकरांचे पगार आणि न फिटणारी उधारी ही दोन भोके त्या नावेला पडलेली असत. माल रोखीने विका, असा सल्ला तो आपल्या दुकानदारांना देई. पण केवळ सल्ल्याने त्याचे समाधान झाले नाही.

सप्टेंबर १९१६ मध्ये मेम्फिसच्या जेफर्सन अव्हेन्यू या रस्त्यावर त्याने स्वतःचे दुकान उघडले. दुकानाचे नाव होते पिग्ली विग्ली. असले विचित्र नाव का ठेवले, याचा खुलासा त्याने कधी धडपणे केला नाही. लोकांनी हाच प्रश्न विचारावा म्हणून, एवढेच तो सांगत असे. त्याचा हेतू सफल झाला असे म्हटले पाहिजे, कारण तो प्रश्न लोक अजूनही विचारतात.

दुकानात शिरताच एक फिरते फाटक लागे. तेथे गिऱ्हाइकाने टोपली घ्यावयाची. पुढे फळ्यांच्या मधून एकच अरुंद वाट नागमोडी वळणे घेत जाई. त्या वाटेने चालताना दुकानातील सारा माल डोळ्यांखालून जात असे. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असे. हवे ते आपल्या हाताने उचलावे, नको ते ठेवावे आणि शेवटी दाराशी हिशेब करून रोख पैसे द्यावेत. घासाघीस नाही, उधारी नाही, ताटकळणे नाही. नोकर थोडे लागत, म्हणून माल स्वस्त देता येई. गरीब बाईला आणि श्रीमंत बाईला भाव एकच. स्वतः माल उचलण्याचे प्रयोग त्यापूर्वीही काही ठिकाणी झाले होते. परंतु त्याला अशी रेखीव पद्धत सॉन्डर्सनेच लावून दिली. १९१७ च्या ऑक्टोबरात त्याला या पद्धतीचे पेटंट मिळाले.

एकट्याच्या भांडवलाने देशभर दुकाने उघडणे शक्य नव्हते. तेव्हा सॉन्डर्सने एक युक्ती योजली. ज्यांना आपापल्या गावी दुकान काढावयाचे असेल, त्यांना त्याने आपले नाव आणि आपली पद्धत वापरण्याची परवानगी दिली आणि त्याबद्दल ठरावीक मोबदला घेतला. दुकान त्या माणसाचे, नफातोटा त्याचा. दारावरची पाटी मात्र पिग्ली विग्लीची! १९२२ च्या अखेरीस सुमारे १२०० दुकाने उभी राहिली. त्यांपैकी निम्म्याहून थोडी अधिक कंपनीच्या मालकीची होती आणि उरलेली अशा स्वतंत्र दुकानदारांची होती. सॉन्डर्स मोठा धनिक झाला. मेम्फिसमध्ये गुलाबी संगमरवराचा एक भव्य वाडा तो बांधू लागला.

परंतु नाव दुसऱ्याच्या हाती दिले की त्याच्या अपयशाचा डागही त्या नावाला लागतो. १९२२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क आणि आसपासच्या भागात या नावाने चालणाऱ्या काही लहान कंपन्या बुडाल्या. सॉन्डर्सच्या कंपनीशी त्यांचा नावापुरताच संबंध होता. तेवढे निमित्त न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील मंदीवाल्यांना पुरले. मंदीवाल्यांची रीत अशी असते : दुसऱ्याचे शेअर उसने घ्यावयाचे, आजच्या भावाने विकावयाचे आणि भाव पडला की स्वस्तात विकत घेऊन परत करावयाचे. मधला फरक हा त्यांचा नफा. पिग्ली विग्लीचा भाव पडू लागला आणि चाळीस डॉलरच्याही खाली गेला.

सॉन्डर्सला हा आपल्या नावाचा अपमान वाटला. त्याने बँकांकडून सुमारे एक कोटी डॉलर कर्ज काढले आणि आपल्याच कंपनीचे शेअर खरेदी करण्याचा सपाटा लावला. बाजारातील २ लाख शेअरांपैकी जवळजवळ सगळे त्याच्या ताब्यात आले. मग २० मार्च १९२३ रोजी त्याने उसने शेअर परत मागितले. मंदीवाल्यांची गाळण उडाली. शेअर आणावयाचे कोठून? भाव १२४ डॉलरपर्यंत चढला. सॉन्डर्सने बाजी मारली असेच सर्वांना वाटले.

पण त्याच दिवशी बाजाराच्या चालकांनी त्या शेअरांचे व्यवहार थांबविले आणि देणेकऱ्यांना मुदत वाढवून दिली. तेवढ्या अवधीत त्यांनी गावोगावच्या किरकोळ लोकांकडून शेअर गोळा करून आपली सुटका करून घेतली. खेळ चालू असता नियम बदलणे न्यायाचे होते काय, यावर पुष्कळ वाद झाला. परंतु कर्ज काढून त्या खेळात उतरण्याचा निर्णय सॉन्डर्सचाच होता, हेही विसरता येत नाही. आता त्याच्याजवळ शेअरांचा ढीग होता, घेणारा कोणी नव्हता आणि कर्जफेडीची तारीख जवळ येत होती.

मेम्फिसचे लोक त्याच्या मदतीला धावले. स्वयंसेवक घरोघर जाऊन त्याचे शेअर विकू लागले. मग काही नागरिकांनी कंपनीच्या हिशेबवह्या तपासावयास मागितल्या. सॉन्डर्सने साफ नकार दिला. तो मानी होता. पण लोकांचा पैसा मागणाऱ्याने वही दाखविण्यास कचरावे, हे कोणाला रुचणार? विक्री तेथेच थांबली. ऑगस्ट १९२३ मध्ये त्याला कंपनी सोडावी लागली. पिग्ली विग्ली हे नाव परक्यांचे झाले आणि तो गुलाबी वाडाही हातचा गेला. त्यात एक दिवसही राहावयाचे त्याच्या नशिबी आले नाही.

तो खचला नाही. त्याने पुन्हा दुकाने काढली आणि त्यांना स्वतःचे नाव दिले. कंपनीच्या नव्या मालकांनी त्यावरही न्यायालयात हरकत घेतली. तेव्हा त्याने दुकानांचे नावच असे ठेवले की, क्लॅरन्स सॉन्डर्स, माझ्या नावाचा एकमेव मालक! ही दुकाने काही वर्षे चांगली चालली. पुढे १९३० च्या सुमारास आलेल्या महामंदीत तीही बुडाली.

१९३७ साली त्याने मेम्फिसमध्ये कीडूझल नावाचे यांत्रिक दुकान उघडले. काचेच्या कपाटात प्रत्येक वस्तूचा एकेक नमुना ठेवलेला असे. गिऱ्हाइकाने किल्ली घेऊन हव्या त्या वस्तूखालील फटीत घालावयाची, की आतून ती वस्तू सरकत्या पट्ट्यावरून दाराशी येई. कल्पना अचाट होती, परंतु गर्दी झाली की यंत्र अडे. बंद पडावे आणि पुन्हा उघडावे, असे होता होता १९४९ साली ते दुकान कायमचे बंद झाले. तरीही तो आणखी एका स्वयंचलित दुकानाचे आराखडे करीतच होता. ते अपुरे असतानाच ऑक्टोबर १९५३ मध्ये मेम्फिस येथे त्याचे निधन झाले.

पिग्ली विग्लीची बरीच दुकाने पुढे मोठमोठ्या कंपन्यांनी विकत घेतली. तरी अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि मध्य-पश्चिमेकडील काही राज्यांत त्या नावाची शेकडो दुकाने टिकून राहिली. त्यांतील बहुतेक दुकाने तेथल्याच स्वतंत्र मालकांची आहेत आणि कित्येक ठिकाणी बापामागून मुलगा गल्ल्यावर बसला आहे. सॉन्डर्सचा गुलाबी वाडा मेम्फिस शहराच्या मालकीचा झाला आणि १९३० साली तेथे वस्तुसंग्रहालय उघडले. त्या संग्रहालयात त्याच्या पहिल्या दुकानाची प्रतिकृती उभारली आहे. फिरते फाटक, किमती लिहिलेल्या फळ्या आणि ती नागमोडी वाट मुलांना तेथे पाहावयास मिळते.