कापडी हुडाची जीप आणि के. सी. महिंद्रा

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या दिशेने निघाले की चिकलठाणा लागते. विमानतळ आणि औद्योगिक वसाहत ही आज या गावाची ओळख आहे. पण मराठवाड्याच्या या कोरड्या पठारावर कारखान्यांची धुराडी दिसू लागण्याआधीच एका वाहनाने आपला जम बसवला होता. ते वाहन म्हणजे जीप. चौकोनी नाक, उघड्या बाजू आणि डोक्यावर कापडी हूड असलेली ही गाडी तहसीलदारापासून ऊसवाल्या बागायतदारापर्यंत सर्वांच्या दारात उभी राहिली. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पावसाळ्यात काळी माती चाकांना घट्ट धरून ठेवते, अशा मुलुखात दुसरी कोणती गाडी चालणार, हा प्रश्नच त्या काळी कोणाला पडत नसे. ही गाडी भारतात आली कशी, याचा मागोवा घेतला तर वाट थेट एका व्यक्तीपाशी जाऊन पोहोचते. ती व्यक्ती म्हणजे कैलासचंद्र, अर्थात के. सी. महिंद्रा.

कैलासचंद्रांचा जन्म १८९४ मध्ये पंजाबातील लुधियाना येथे झाला. घरात नऊ भावंडे. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि संसाराचा भार थोरले बंधू जगदीशचंद्र यांच्या खांद्यावर आला. जगदीशचंद्र त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठे. शिक्षणाखेरीज तरणोपाय नाही, ही जगदीशचंद्रांची ठाम धारणा होती. त्यांनी स्वतः मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमधून शिक्षण घेतले आणि धाकट्या भावाला लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजनंतर थेट केंब्रिजला धाडले. वडिलांविना वाढणाऱ्या कुटुंबाने एका मुलाला सातासमुद्रापार शिकायला पाठवणे ही त्या काळात लहानसहान गोष्ट नव्हती. भावाचे हे ऋण कैलासचंद्र जन्मभर विसरले नाहीत, याची साक्ष त्यांच्या पुढील आयुष्यात मिळते.

केंब्रिजहून परतल्यावर त्यांनी कोलकात्याच्या मार्टिन आणि कंपनीत नोकरी धरली. त्या कंपनीचे सूत्रधार होते सर राजेंद्रनाथ मुखर्जी. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलचे बांधकाम करणारी हीच ती कंपनी. परकीय राजवटीत एक भारतीय अभियंता एवढा मोठा उद्योग कसा उभारतो, हे कैलासचंद्रांनी तेथे जवळून पाहिले आणि मुखर्जींचे चरित्रही लिहिले. त्यांचा पिंड निव्वळ व्यापाऱ्याचा नव्हता. नियतकालिकांच्या संपादनातही त्यांनी रस घेतला. उद्योग म्हणजे केवळ नफ्यातोट्याचा हिशेब नव्हे, तर देशाच्या घडणीचा भाग आहे, हा विचार याच काळात त्यांच्या मनात रुजला असावा. तिकडे जगदीशचंद्र टाटांच्या पोलाद कारखान्याच्या विक्री विभागात नावारूपाला आले होते. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई निर्माण झाली, तेव्हा सरकारने त्यांना देशाचे पहिले पोलाद नियंत्रक नेमले.

१९४२ मध्ये कैलासचंद्रांची नेमणूक अमेरिकेतील इंडिया सप्लाय मिशनवर झाली. युद्धासाठी लागणारी सामग्री मिळवणे हे या मिशनचे काम. अमेरिकेतील कारखाने तेव्हा रात्रंदिवस धडधडत होते आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या एका लहानशा गाडीची जगभर चर्चा होती. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ उत्पादकांना आवाहन केले होते. बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला पहिला नमुना लष्कराच्या हाती दिला. पाठोपाठ विलीज-ओव्हरलँड या कंपनीने आपला नमुना पुढे आणला. तिचे मुख्य अभियंता होते बार्नी रूस. रूस यांचे साठ अश्वशक्तीचे इंजिन दणकट होते, पण गाडी वजनात बसत नव्हती. लष्कराने वाढवून दिलेली मर्यादाही २१६० पौंडांचीच, म्हणजे सुमारे ९८० किलोची होती. रूस यांनी गाडी सुटी करून प्रत्येक भागाचे वजन कमी केले. रंगाचे थरसुद्धा मोजून दिले.

जीपच्या डोक्यावर पत्र्याऐवजी कापड का आले, याचे उत्तर या हिशेबातच आहे. दोन लोखंडी कमानी आणि त्यांवर ताणलेले सुती कॅनव्हास एवढेच तिचे छप्पर. वजन नगण्य, गरज नसेल तेव्हा गुंडाळून ठेवता येणारे आणि पुढची काच बॉनेटवर आडवी केली की गाडीची उंचीही कमी करणारे. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या.

अमेरिकेत कैलासचंद्रांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली. युद्धाच्या गाडीत शांततेच्या काळातील भारताची गाडी दिसणे, ही त्यांची खरी दूरदृष्टी. भारतात तेव्हा पक्के रस्ते मूठभर शहरांपुरते होते. खेड्यांकडे जाणाऱ्या वाटा बैलगाडीच्या चाकोऱ्यांच्या होत्या आणि पावसाळ्यात त्या चिखलात बुडत. गुळगुळीत रस्त्यासाठी घडवलेली मोटार येथे काय कामाची? चारही चाकांना जोर देणारी, मोडली तर गावच्या लोहाराच्याही आवाक्यातली वाटावी अशी साधी गाडीच येथे टिकेल, हे त्यांनी ओळखले.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी दोघा भावांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन केली. सुरुवातीचा धंदा पोलादाचा. गुलाम मोहम्मद हे अर्थकारणातील जाणकार. चिकलठाणा ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होते, त्या निजामाच्या राज्याचे अर्थखातेही त्यांनी काही काळ सांभाळले होते. हिंदू आणि मुस्लिम भागीदारांची नावे एका पाटीवर शेजारी शेजारी असणे हे त्या धुमसत्या काळात एक विधानच होते. परंतु काळ त्याहून बलवत्तर ठरला. १९४७ मध्ये फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल पदावर पोहोचले. इकडे दोघा भावांवर दुहेरी आघात झाला होता. भागीदार गेला होता आणि पंजाबची, ज्या मातीत ते वाढले त्या मातीची, दोन शकले झाली होती. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. पाटीवरची आद्याक्षरे मात्र तीच राहिली. पुढे १९५५ मध्ये दिल्लीतील प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला प्रमुख पाहुणे म्हणून आले ते हेच गुलाम मोहम्मद.

या पडझडीतच जीपचा उद्योग आकाराला आला. विलीज कंपनीशी बोलणी झाली आणि १९४९ मध्ये ७५ गाड्या सुट्या भागांच्या रूपात मुंबईत उतरल्या. माझगाव येथे त्यांची जुळवणी झाली. नंतरच्या काळात परवान्याखाली टप्प्याटप्प्याने सुटे भाग येथेच बनू लागले आणि जीप पुरती भारतीय झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे ग्रामीण भारतातील नेहमीचे दृश्य बनले. हैदराबाद संस्थान १९४८ मध्येच भारतात विलीन झाले होते. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जिल्हा परिषदा आल्या, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे चिकलठाण्याच्या माळावर कारखाने उभे राहिले. या सगळ्या वाटचालीत जीप होती. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांची पाहणीही जीपमधूनच होत असे.

अमेरिकेतील ओहायोच्या हवेसाठी बेतलेले कापड मराठवाड्याच्या उन्हापावसात आले, तेव्हा त्याची एक खोड उघड झाली. सुती कॅनव्हास पाण्याने भिजले की धागा फुगतो, विणीतील वळणे वाढतात आणि कापडाची लांबी घटते. वाळल्यावर ती पूर्णपणे परत येत नाही. शेकडा तीनचे आखडणे धरले, तरी दोन मीटर लांबीच्या हुडात सहा सेंटीमीटर कमी पडतात. नंतरच्या काळात रेक्झिनची हुडे आली. ती पाण्याला दाद देत नसली, तरी उन्हाने त्यांतील मऊपणा उडून जातो, ती ताठर होतात आणि हळूहळू आखडतात. परिणाम एकच. पुढची कड काचेच्या चौकटीला नीट बसते, पण मागच्या कोपऱ्यातले बटण आपल्या खुंटीपासून चार बोटे दूर राहते.

अशा वेळी जोर लावून ओढणे हा सर्वांत महागडा उपाय. कापड वाढत नाही, शिवण मात्र उसवते. जाणते हूडवाले आधी सगळे बंद आणि पट्टे सैल सोडतात. सुती कापड असेल तर ते भिजवून मऊ करतात, रेक्झिन असेल तर दुपारच्या उन्हात तासभर पसरून ठेवतात. थंडीच्या सकाळी हे काम हाती घेत नाहीत. मग पुढची कड काचेच्या चौकटीत पक्की करून मागची कमान थोडी पुढे झुकवतात, मागची टोके अडकवतात आणि कमान सावकाश उभी करतात. हाताला जमणार नाही तो ताण कमान देते. पट्टेही एका बाजूचे सगळे न आवळता डावे-उजवे आळीपाळीने आवळतात. सुती हूड तसेच ताणावर वाळू दिले की बरीचशी लांबी परत मिळते. त्यानेही भागले नाही, तर मागच्या कडेला त्याच जातीच्या कापडाची पट्टी जोडणे हा प्रामाणिक मार्ग. हूड ढिले राहिले तर वाऱ्यावर फडफडून फाटते आणि तोकडे राहिले तर पहिल्याच पावसात मागे बसलेल्यांना भिजवते. दौऱ्यावरची कागदपत्रे, बी-बियाणे किंवा दवाखान्यात न्यायचा रुग्ण त्या कापडाखाली असेल, तर ही बाब किरकोळ राहत नाही.

मूळ सांगाडा कायम ठेवून आच्छादन परिस्थितीला जुळवून घेण्याचे हे कसब कैलासचंद्रांना स्वतःच्या आयुष्यातही दाखवावे लागले. १९५१ मध्ये जगदीशचंद्रांचे निधन झाले. वडिलांच्या जागी असलेला भाऊ गेला आणि कंपनीचे अध्यक्षपद कैलासचंद्रांकडे आले. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. तोवर त्यांनी सरकारी पातळीवरही मोठे काम केले होते. भारतीय कोळसा क्षेत्रांच्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९४६ च्या त्या समितीच्या अहवालाने खाणींची उधळपट्टी आणि खनिज हक्कांचा गुंता सरकारपुढे मांडला होता. खासगी उद्योजक असूनही देशाच्या साधनसंपत्तीचा विचार ते व्यापक हिताच्या अंगाने करीत.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत हृद्य पाऊल मात्र कारखान्याबाहेरचे आहे. १९५३ मध्ये त्यांनी शिक्षणासाठी न्यास स्थापन केला. के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट या नावाने तो ओळखला जातो आणि त्याच्या शिष्यवृत्त्यांवर अनेक पिढ्यांतील मुले शिकली. मुलींच्या शिक्षणासाठीचा नन्ही कली हा उपक्रमही याच न्यासाने १९९६ मध्ये सुरू केला. थोरल्या भावाने पोटाला चिमटा घेऊन धाकट्याला केंब्रिजला पाठवले होते. भाऊ गेल्यावर दोनच वर्षांत धाकट्याने ती परतफेड परक्यांच्या मुलांसाठी केली, हा योगायोग खचितच नव्हे.

१९६३ मध्ये कैलासचंद्रांचे निधन झाले. त्याच वर्षी ट्रॅक्टर बनवणारी इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि त्यांचे पुत्र केशब महिंद्रा यांनी अध्यक्षपदाची सूत्रे घेतली. ती त्यांनी २०१२ पर्यंत सांभाळली. खेड्याच्या रस्त्यावर चालेल तेच वाहन आणि खेड्याच्या शेतात चालेल तेच यंत्र, हा कैलासचंद्रांचा आग्रह अशा रीतीने पुढच्या पिढीतही कायम राहिला.

कंपनीच्या स्थापनेला ७५ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २ ऑक्टोबर २०२० रोजी, नव्या रूपातील थार बाजारात आली. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीला पत्र्याच्या छताबरोबर कापडी छताचाही पर्याय देण्यात आला. शहरी तरुणांना ती हौसेची गाडी वाटते. पण या कापडाचा इतिहास हौसेचा नाही. वजनाचे पौंड मोजणारे अमेरिकी अभियंते, फाळणीत भागीदार गमावूनही न डगमगलेले दोन भाऊ आणि भर उन्हात तोकडे पडलेले हूड युक्तीने पुरते करणारे असंख्य अनाम कारागीर, या साऱ्यांचा तो वारसा आहे. परदेशातून आणलेली वस्तू येथे तशीच्या तशी कधीच बसत नाही. ती भिजवावी लागते, उन्हात तापवावी लागते, थोडी ताणावी लागते आणि प्रसंगी तिला इथल्याच कापडाची पट्टी जोडावी लागते. कैलासचंद्र महिंद्रा यांनी जीपच्या बाबतीत नेमके हेच केले, म्हणूनच ती परकी राहिली नाही.