अपुरे राहिलेले पुस्तक
(कै. लक्ष्मीबाई टिळक यांची जीवनकथा)



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत या वेळी मीही काही लिहावे, असा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली. स्वयंपाक, बाजारहाट आणि मुलांचे डबे यांतून हातात लेखणी येते ती फक्त वाण्याची यादी करण्यापुरती. त्यामुळे आधी नकारच दिला होता. परंतु जिने शाळेचे तोंडही धड पाहिले नव्हते आणि तरीही मराठी भाषेला अमोल लेणे दिले, अशा एका बाईची आठवण झाली आणि माझी सबब मलाच लटकी वाटू लागली. ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

आणखीही एक कारण आहे. आपल्या खोताच्या वाडीत क्रुसापाशी उभे राहून माझ्या सासूबाई जपमाळ म्हणत. त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आले. मुले आता मोठी झाली. संध्याकाळी हाक मारली तर एक क्लासला गेलेला असतो आणि दुसरी कामावरून यायची असते. माझ्यामागे ही माळ कोण हाती घेईल, हा विचार मला रात्री जागे ठेवतो. समोरच्या बिऱ्हाडातील माझ्या हिंदू मैत्रिणीलाही देवापुढच्या दिव्याची हीच काळजी आहे, असे बोलता बोलता कळले. लक्ष्मीबाईंचे चरित्र मी वाचले ते हीच काळजी मनात घेऊन.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले आणि नाव मनकर्णिका. घरी सर्वजण मनू म्हणत. वडील कमालीचे सोवळे. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घ्यायचे नाही, इथवर त्या सोवळ्याची मजल गेली होती. त्या धाकात मुलींनी मोठे व्हायचे. शिक्षणाचे नावच नको. अकराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळक या तरुणाशी झाले आणि मनूची लक्ष्मी झाली.

टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. बुद्धी तीव्र, संस्कृतचा व्यासंग दांडगा, कविता तर जिभेवर. परंतु संसाराच्या दृष्टीने मनुष्य अगदी बेभरवशाचा. आज एका गावी नोकरी, उद्या दुसऱ्या. मनात आले की घर सोडून निघावे. हाती पैसा आला की समोर दिसेल त्या गरजवंताला द्यावा. घरात पीठ आहे की नाही, हे पाहणे बायकोचे काम. लक्ष्मीबाईंना आरंभीची मुले झाली ती दगावली. १८९१ साली देवदत्त जन्मला. हा दत्तू म्हणजे त्यांच्या जिवाचा ठेवा. त्या धावपळीच्या संसारात टिळकांनी बायकोला अक्षरे शिकवली, तीही लहर लागेल तेव्हा. तेवढीच काय ती लक्ष्मीबाईंची शाळा.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी धर्माविषयी बोलणे निघाले. त्याने टिळकांना नवा करार वाचावयास दिला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते तेव्हा खरे वाटले नाही. परंतु पुस्तक वाचता वाचता, विशेषतः येशूचा डोंगरावरील उपदेश वाचताना, त्यांचे मन पालटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी येथे मुंबईतच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट त्यांनी बायकोला विचारून केली नव्हती.

त्या काळी एवढ्या सोवळ्या घरातील बाईवर हे केवढे संकट, याची कल्पना आपण करावी! नवरा जिवंत, कपाळी कुंकू, पण त्याच्या घरी जाता येत नाही. लोक कीव करीत, नावेही ठेवीत. तीन-चार वर्षांचा मुलगा पदरी. नवरा मुलाला घेऊन जाईल, ही धास्ती वेगळीच. लक्ष्मीबाई काही काळ पंढरपुरासही नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. त्या दुःखातच त्या कविता जुळवू लागल्या. नीट लिहिता येत नसे, पण मनात ओळ तयार होई.

येथे टिळकांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नवरा म्हणून हुकूम करण्याचा अधिकार तेव्हाचा समाज त्यांना खुशाल देत होता. पण बायकोने आपला धर्म घेतलाच पाहिजे, अशी सक्ती त्यांनी केली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, त्यांच्याजवळ राहावयास गेल्या. तेव्हाही त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर गेले. चूल वेगळी, पाणी वेगळे. नवऱ्याने त्याला हरकत घेतली नाही.

लक्ष्मीबाईंचे मन पालटले ते कोणाच्या व्याख्यानाने नव्हे. त्या स्वतःशीच विचार करीत बसल्या होत्या. माणसामाणसांतील जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांना पडला. देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांतही उपजतच फरक दिसला असता. तसा तो दिसत नाही, तेव्हा हे माणसांचेच काम, असा त्यांचा निर्णय झाला आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. मीठ धुणाऱ्या बापाची लेक ती! तिने हा उंबरठा ओलांडणे म्हणजे लहान गोष्ट नव्हे. पुढे १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. नवऱ्यामागून पाच वर्षांनी, पण स्वतःच्या पायांनी.

आता कोणी कोणता धर्म घ्यावा, हा या लेखाचा विषय नाही. आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या भगिनी आहेत आणि आपण एकमेकींच्या सणांचा फराळ वर्षानुवर्षे खात आलो आहोत. माझे लक्ष वेधले ते त्या पाच वर्षांनी. ज्याला आपला विश्वास दुसऱ्याच्या मनात रुजावा असे वाटते, त्याला वाट पाहता आली पाहिजे.

पुढचा त्यांचा संसार म्हणजे एक मोठे गोकुळच होते. दुष्काळात पोरकी झालेली, उपाशी, टाकलेली मुले टिळक घरी आणीत आणि त्यांना जेवू घालण्याचे काम अर्थातच लक्ष्मीबाईंकडे येई. त्या चिडत, भांडत, आणि पान मांडीत. बालकवी ठोंबरे १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर टिळकांच्या घरी राहिले, तेव्हा त्यांनाही या घरात आईची माया मिळाली. प्लेगच्या दिवसांत लोक आपल्या माणसांनाही हात लावावयास भीत, त्या वेळी लक्ष्मीबाईंनी छावणीत राहून रोग्यांची सेवा केली. मुंबईतील कित्येक क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर उभे राहिले, हे आपणांस ठाऊक आहेच. देवापुढे हात जोडणे आणि आजाऱ्याचे अंथरूण काढणे ही दोन्ही कामे त्या बाईने एकच मानली.

टिळकांनी या काळात मराठीत शंभराहून अधिक भक्तिगीते लिहिली. ती आजही महाराष्ट्रातील चर्चांतून गायिली जातात. टिळक प्रॉटेस्टंट, आम्ही या वाडीतील रोमन कॅथलिक. पण मराठीतून देवाचे नाव घेण्याची परंपरा आम्हां सर्वांचीच आहे. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ सालीच गोमंतकात छापले गेले होते. टिळकांच्याही मनात येशूचे संपूर्ण चरित्र मराठी काव्यात सांगावे असे होते. ‘ख्रिस्तायन’ असे त्याचे नाव. १९०९ साली त्यांनी आरंभ केला. दहाच्या आसपास अध्याय झाले. पुढे सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याच्या कामात ते गुंतले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. ग्रंथ अपुरा राहिला.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशी ओलांडण्याच्या बेतात होत्या. पैसा ठेवलेला नव्हता. काही काळ त्यांनी मुलींच्या वसतिगृहाचे काम पाहिले होते, पुढे मुलाच्या संसाराबरोबर कराचीलाही त्या राहून आल्या. नवऱ्याने मागे ठेवलेली मिळकत कोणती, तर थोडी गीते आणि एक अर्धवट पुस्तक. दुसरी कोणी असती तर ते बासनात बांधून, फूल वाहून, देव्हाऱ्यात ठेवले असते. लक्ष्मीबाईंनी ते उघडले आणि पुढे लिहावयास घेतले. ज्यांना जोडाक्षर लिहिताना अडखळावयास होई, त्यांनी एका पंडित कवीचे काव्य पुढे चालवले. एक-दोन नव्हे, चौसष्ट अध्याय त्यांनी रचले! म्हणजे टिळकांनी पाया घातला आणि घर बांधले ते लक्ष्मीबाईंनी.

त्याच सुमारास मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या विचारात होता. त्याने आईला आठवणी लिहून काढण्यास सांगितले. आईने लिहावयास घेतले आणि त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक उभे राहिले. त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला. त्यात नवऱ्याचा गुण लपवलेला नाही आणि दोषही लपवलेला नाही. स्वतःची फजिती तर हसत हसत सांगितली आहे. अंगणात बसून शेजारणीशी बोलावे तशी ती भाषा. दुपारी भांडी घासून झाल्यावर मी ते उघडले आणि संध्याकाळचा चहा टाकावयाचे भान राहिले नाही. पुढे त्याचे इंग्रजीतही भाषांतर झाले. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत आजही त्याचे नाव आधी घेतात.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई देवाघरी गेल्या. वय सदुसष्ट. ‘ख्रिस्तायन’ छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९३८ साली देवदत्तांनी ते प्रसिद्ध केले. बापाने आरंभ केला, आईने वाढवले आणि मुलाने लोकांच्या हाती दिले. एका ग्रंथाला एका घरातील तिघांचे हात लागले. आगगाडीत एका अनोळखी माणसाने दिलेल्या लहानशा पुस्तकापासून हे सर्व सुरू झाले होते.

हे चरित्र वाचून झाल्यावर माझ्या काळजीचे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करते. मी मुलांवर रागावून, हाताला धरून क्रुसापाशी उभे करीत असे. ती उभी राहत, पण त्यांचे मन तेथे नसे. आता मी हाक एकदाच मारते आणि कोणी येवो न येवो, ठरल्या वेळी मेणबत्ती लावून माळ म्हणते. दागिना पेटीतून काढून सुनेच्या हाती देता येतो. विश्वास तसा देता येत नाही. तो आपण जगायचा, उघड्यावर ठेवायचा आणि वाट पाहायची. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी आल्या. कोणी पंधरा वर्षांनी येईल. कोणी मी गेल्यावर येईल.

सासूबाईंची प्रार्थनेची हाताने लिहिलेली एक वही माझ्याकडे आहे. शेवटची पाने कोरी आहेत. त्यांना येत असलेल्या कितीतरी प्रार्थना आणि गाणी लिहिण्याच्या राहून गेल्या. त्यांतील ज्या मला पाठ आहेत, त्या मी रोज थोड्या थोड्या लिहून काढते आहे. माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही होतात. परवा मुलीने वही उघडून पाहिली. काही बोलली नाही. एका ओळीतील चूक तेवढी पेन्सिलीने दुरुस्त करून गेली.

भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी असे एखादे अपुरे पुस्तक असेल. कोणाच्या सासूच्या ओव्या असतील, कोणाच्या आईची व्रतांची टिपणे असतील, कोणाच्या वडिलांचे राहिलेले एखादे चांगले काम असेल. ते बासनातून बाहेर काढावे, एवढीच या प्रसंगी विनंती.